पांखरांची जमाबंदी

सुगी सरली, खळीं झाडून झालीं, कडब्याच्या गंजी रचल्या आणि बैलांस व ट्रॅक्टरास सारखीच विश्रांति मिळाली, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षांतला मोकळा काळ सुरू होतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे हे दिवस बहुधा लग्नकार्यें, यात्रा आणि कोर्टकचेऱ्या यांत जातात. त्यांतून रोज सकाळीं अर्धा तास काढून शेतकरी बंधूंनीं आपल्या परसांत स्वस्थ बसावें व तेथें येणारीं पांखरें पाहावींत, अशी आमची सूचना आहे. ही सूचना वाचून कित्येक वाचक हंसतील. जोंधळा हुरड्यास आल्यापासून तो खळ्यांत पडेपर्यंत ज्यांनीं पांखरांशीं लढाई केली, त्यांना त्याच पांखरांकडे पाहत बसा म्हणून सांगणें म्हणजे दरोडेखोरास पाट मांडावयास सांगण्यासारखें आहे. परंतु पांखरांचें कौतुक करा असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. त्यांचा हिशेब पाहा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि हा हिशेब पाहावयाचा काळ वसंत हाच होय.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेली. पीकपाहणी, पंचनामे, आणेवारी व फेरफार यांच्या कागदांत अठ्ठावीस वर्षें घालवून बावन्नाव्या वर्षीं आम्ही आपखुशीनें निवृत्त झालों, त्यास आतां सात वर्षें होत आलीं. या नोकरींत एक गोष्ट मात्र पक्की शिकलों. जमाबंदीच्या वेळीं गांवचें दफ्तर तपासावयास येई, तेव्हां एकाच महिन्याची वसुली पाहून कोणी तलाठ्यास बरावाईट ठरवीत नसे. सबंध सालाची मागणी, वसुली, सूट, तहकुबी आणि बाकी हीं सर्व समोर मांडून मग शेरा मारावयाचा, असा रिवाज. शेतकरी पांखरांवर शेरा मारतो तो मात्र पौष महिन्याच्या एकट्या पानावरून. ही रीत आमच्या कारकुनी बुद्धीस पटत नाहीं.

उदाहरणादाखल भोरडीच घ्या. आमचा गांव बार्शीकडचा, रब्बी जोंधळ्याचा. भोरडीचें नांव काढलें कीं आमच्या भागांत हात आपोआप गोफणीकडे जातो. आमचे वडील जोंधळ्यांत उंच माळा घालून दिवस उगवण्यापूर्वीं त्यावर चढत आणि दिवस मावळेपर्यंत हाकारे घालीत. पौषांत त्यांचा घसा बसे तो शिमग्यापर्यंत सुटत नसे. हजारांच्या थव्यानें हें पांखरूं उतरतें, आणि जेथें उतरतें तेथें कणसांत दाणा राहत नाहीं. हा खर्च आम्ही नाकारीत नाहीं. तो ठळक शाईनें लिहावा.

पण हीच भोरडी फाल्गुनांत पांगाऱ्यावर पाहावी. झाडाला औषधालासुद्धां पान नाहीं, सगळ्या फांद्या तांबड्या फुलांनीं भरलेल्या, आणि त्यांत काळें डोकें व गुलाबी अंग असलेलीं शेंदोनशें पांखरें फुलांतला मध पीत एकच कलकलाट करीत आहेत. त्यांच्या कपाळाला लागलेला पराग या फुलावरून त्या फुलावर जातो, तेव्हां कोठें पांगाऱ्याला शेंगा धरतात. चैत्र सरतां सरतां एके सकाळीं झाड एकदम मुकें होतें. भोरड्या गेलेल्या असतात. त्या आपल्याकडे घरटें करीतच नाहींत. मध्य आशियाच्या गवताळ माळांवर त्यांचीं घरें. मे-जून महिन्यांत तेथें पिलें वाढवावयाचीं, त्या पिलांस मुख्यतः टोळ व नाकतोडे भरवावयाचे, आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पुन्हां आपल्या मुलुखांत यावयाचें, असा त्यांचा वार्षिक क्रम आहे. चीनच्या शिनच्यांग प्रांतांत गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून टोळांचा बंदोबस्त करण्यासाठीं भोरड्यांनीं यावें म्हणून कुरणांत दगडांचे ढीग व घरट्यांच्या भिंती मुद्दाम रचून ठेवतात. आपण ज्या पांखराला दगड मारतों, त्याच्यासाठीं तिकडे दगड रचतात! २०२० सालच्या मे महिन्यांत विदर्भांत टोळधाड उतरली, तेव्हां टोळ म्हणजे काय हें आपल्या तरुण मंडळींस प्रथमच कळलें. तो टोळ वाळवंटी जातीचा, निराळा होता हें खरें. परंतु टोळ खाणाऱ्या पांखराची किंमत काय असते याची कल्पना येण्यास तेवढें पुरे आहे.

याच चीन देशानें पूर्वीं उलट बाजूचा अनुभवही घेतला आहे. १९५८ सालीं तेथें उंदीर, माशा, डांस आणि चिमण्या या चार उपद्रवी प्राण्यांचा नायनाट करण्याची मोहीम निघाली. चिमणी दाणे खाते एवढ्या एका नोंदीवरून तिला फांशीची शिक्षा झाली. लोकांनीं ताटें व डबे वाजवून चिमण्यांस खालीं बसूं दिलें नाहीं. थकून पडतील तशा त्या मारल्या. पुढें पिकांवर किडींचा जोर झाला, शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली, आणि १९६० सालीं यादींतून चिमणीचें नांव काढून तिच्या जागीं ढेकणाचें घातलें. त्या सुमारास तेथें जो भयंकर दुष्काळ पडला त्याचीं कारणें पुष्कळ होतीं, सगळा दोष चिमण्यांच्या हत्येवर टाकणें योग्य होणार नाहीं. तरी हुकूम आधीं आणि चौकशी मागाहून झाली, ही गोष्ट उरतेच.

चौकशी कशी करावी याचा नमुना आपल्या देशांत त्याच्या कितीतरी आधीं तयार झाला होता. बिहारांतील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय या दोघां शास्त्रज्ञांनीं शेंकडों पांखरांचीं पोटें तपासून, त्यांत दाणे किती, किडे किती आणि त्या किड्यांतही पिकाला मारक किती व उपकारक किती, अशी खातेनिहाय नोंद केली व ती १९१२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. आम्हां कारकुनांस लाजवील असें तें काम आहे. आपणांस पांखरांचीं पोटें फाडण्याचें कारण नाहीं. वसंतांत पांखरें जें खातात तें चोंचींत धरून आपल्या डोळ्यांसमोरून नेतात, कारण या दिवसांत बहुतेकांच्या घरट्यांत पिलें असतात. चिमणी स्वतः दाण्यावर जगते. पण तिच्या पिलाला पहिले कांहीं दिवस दाणा चालत नाहीं, त्याला अळी, नाकतोडा, कोळी असेंच मऊ अन्न लागतें. पिकांत चोरी करणारी चिमणी आणि वांग्याच्या वाफ्यांतून अळी उचलणारी चिमणी ही एकच. गेल्या चैत्रांत आमच्या गोठ्याच्या वळचणीखालीं साळुंकीच्या जोडप्यानें पिलें काढलीं होतीं. घड्याळ समोर ठेवून आम्ही सात ते आठ असा तासभर बसलों आणि वहींत रेघा मारल्या. एकवीस रेघा भरल्या. त्यांपैकीं तीन वेळां चोंचींत काय होतें तें दिसलें नाहीं. दोन वेळां उंबराचें फळ होतें. बाकी सर्व अळ्या, नाकतोडे आणि उकिरड्यांतले किडे. असा दिवसाचा उजेड बारा तासांचा आणि घरट्यांत पिलांचा मुक्काम तीन आठवड्यांचा धरून गुणाकार वाचकांनींच करावा. इतकी मजुरी देऊन कोणी गडी मिळेल काय?

आतां आमच्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट सांगणें भाग आहे, कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपलें खातें झांकून ठेवूं नये. आमच्या परसाला शेर आणि मेंदीचें जुनें कुंपण होतें, वडिलांनीं लावलेलें. निवृत्तीची रक्कम हातीं आली त्या वर्षीं गांवांतल्या इतरांप्रमाणें आम्हांसही भिंतीची हौस वाटली. साप निघतात, शेळ्या शिरतात, कुंपण दरवर्षीं छाटावें लागतें, अशीं कारणें पुष्कळ सांपडलीं. फाल्गुनाच्या अखेरीस जेसीबी आणून चाळीस वर्षांचें कुंपण आम्ही अर्ध्या दिवसांत उपटून काढलें. दुपारीं ढिगाऱ्याजवळ गेलों तों मेंदीच्या एका फांदीच्या बेचक्यांत बुलबुलाचें घरटें तसेंच अडकलेलें होतें. त्यांत तीन पिलें, डोळेही न उघडलेलीं, दोन मेलेलीं आणि एक मान वर करून चोंच उघडणारें. बुलबुल चोंचींत हिरवी अळी धरून यंत्राच्या लोखंडी हातावर येऊन बसला होता. कुंपणाची जागा त्याला कोठें सांपडेना. घरटें आम्ही कडुलिंबाच्या फांदीवर ठेवून पाहिलें. संध्याकाळपर्यंत तिसरें पिलूंही गेलें. अठ्ठावीस वर्षांत गारपिटीचे व अतिवृष्टीचे पंचनामे आम्ही पुष्कळ केले, पण त्या ढिगाऱ्याचा पंचनामा आमच्यानें लिहवला नसता.

भिंत झाली, तिला रंगही दिला. पुढच्या चैत्रांत परसांत बसलों तेव्हां काय नाहीं तें लक्षांत येऊं लागलें. कुंपणाच्या बुडाशीं पालापाचोळा उलटापालटा करीत, भांडत, एकमेकांस हांका मारीत फिरणारे सातभाई येईनात. अंजिराचीं दोन पानें कापसाच्या व कोळिष्टकाच्या धाग्यांनीं शिवून त्यांत घरटें करणारा शिंपी दिसेना. भारद्वाज तर उघड्या जागेंत पाऊलच ठेवीत नाहीं. त्या साली वालाच्या वेलावर व वांग्यांवर अळी इतकी माजली कीं मंडळींनीं दोन महिने ती हातानें वेंचली आणि "भिंत बांधून काय मिळविलें?" असा सरळ प्रश्न आम्हांस केला. एका परसाच्या एका वर्षाच्या अनुभवावरून सिद्धान्त काढूं नये हें आम्ही जाणतों. अळी वाढण्यास हवामानही कारण असूं शकेल. परंतु प्रश्नाला उत्तर नव्हतें. तीन वर्षांनीं उत्तरेकडची चाळीस फूट भिंत पाडून तेथें मेंदी, अडुळसा व करवंद लावलें. भिंत बांधावयास जेवढा खर्च आला होता, त्यापेक्षां पाडतांना मानहानि अधिक झाली. शेजारी अजूनही त्या जागेस "कारकुनाची खिंड" म्हणतात.

आतां खर्चाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आमच्या जमाबंदीवर पक्षपाताचा आक्षेप येईल. पोपटाच्या खात्यांत आम्हांस जमा फारशी सांपडत नाहीं. तो पेरू, सूर्यफूल, जोंधळा यांतलें खातो थोडें आणि नासतो फार. वेडा राघू व कोतवाल इतर किड्यांबरोबर मधमाशाही धरतात, तेव्हां मधपेट्या ठेवणारांस त्यांचा राग येणें साहजिक आहे. भारद्वाज उंदराचीं पिलें खातो तशीं दुसऱ्या पांखरांचीं अंडींही खातो. पोपटापासून फळबाग राखावयाची असेल तर जाळें घालावें, हाकारे घालावे. पण त्याला पकडून पिंजऱ्यांत घालण्याची जी चाल आपल्या घरांतून अजून दिसते ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरते, हें खुद्द पाटील-देशमुखांच्या घरांतही ठाऊक नसतें. उलटपक्षीं कोतवालाचें खातें पाहा. हरभऱ्यांत घाटे अळी पडूं नये म्हणून शेतकी खातें इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या शेतांत रोवावयास सांगतें, तें कोतवालासारख्या पांखरांस बसावयास जागा मिळावी म्हणूनच. पूर्वीं हरभऱ्यांत जोंधळ्याचीं चार ताटें मधूनमधून ठेवीत, त्यांवरही तीं बसत. बांधावरची बाभूळ तोडावयाची आणि मग बाजारांतून बांबू आणून पांखरांसाठीं काठ्या रोवावयाच्या, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो?

बांधावरच्या झाडांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतों. पीकपाहणीच्या वेळीं बांधावरचे कडुलिंब आम्ही शेंकड्यांनीं मोजले. खातेदारास "कोणीं लावलें?" असें विचारलें तर "आपोआप आलें" हें उत्तर ठरलेलें. ज्येष्ठ-आषाढांत लिंबोळ्या पिकल्या म्हणजे साळुंक्या, बुलबुल आणि कोकीळ त्या गर खाऊन बी जेथें टाकतात, तेथें तें "आपोआप" येतें. वड, पिंपळ व उंबर यांचेंही तेंच. सातबाऱ्यावर लावणाराचा रकाना नाहीं, हें पांखरांचें दुर्दैव.

कोकिळेविषयीं लोकांत मोठा घोटाळा आहे. वसंतांत गातो तो नर कोकीळ, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. कोकिळा ठिपक्यांची असते, तिला गाणें येत नाहीं, नुसती किक्‌किक्‌ करते व कावळ्याच्या घरट्यांत अंडें घालून मोकळी होते. आमच्या कवींनीं नराचें श्रेय इतकीं शतकें मादीच्या नांवें जमा केलें आहे. ही चूक आतां फेरफारानें दुरुस्त होण्याजोगी नाहीं. पावशाची गोष्ट आम्हां शेतकऱ्यांस अधिक जवळची. "पेर्ते व्हा" असें तो ओरडतो म्हणून त्याला पावसाचा दूत मानतात. पण नीट कान दिला तर तो चैत्रापासूनच ओरडत असतो, म्हणून त्याच्या भरंवशावर तिफण जुंपूं नये. तो सातभाईंच्या घरट्यांत अंडें टाकतो हें त्याचें पाप, आणि इतर पांखरें ज्यांना तोंड लावीत नाहींत त्या केंसाळ अळ्या खातो हें त्याचें पुण्य. सुगरण मात्र या दिवसांत घरटें विणतांना दिसणार नाहीं. तिचें काम पावसाळ्याचें.

पांखरांचीं नांवें गांवोगांव बदलतात. ओळख पटविण्यासाठीं सलीम अली यांचें १९४१ सालीं निघालेलें हिंदी पक्ष्यांवरचें पुस्तक आणि मराठींत वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' हीं वाचनालयांत मागावींत. महसुलाच्या माणसानें पांखरांच्या वाटेस कशाला जावें, असें कोणी म्हणेल तर त्यास सांगतों कीं हिंदी पक्षिविद्येचे जनक म्हणून ज्यांचा मान आहे ते ए. ओ. ह्यूम १८७१ ते १८७९ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे चिटणीस होते. पुढें १८८५ सालीं राष्ट्रसभा स्थापण्यांत ज्यांनीं पुढाकार घेतला ते हेच. त्यांच्या कित्येक वर्षांच्या टिपणांचे कागद सिमल्याच्या घरांतून नोकरानें रद्दींत विकले. म्हणून आमची वही आम्ही कुलुपांत ठेवतों.

करावयाचें फार थोडें आहे. परसांत सावलीला पाण्याचें पसरट मातीचें परळ ठेवावें, पाणी रोज बदलावें. सिमेंटच्या घरांस वळचण राहिली नाहीं. भिंतीला लांकडी खोकें टांगलें तर चिमणी तें पत्करते. शेवग्याची वाळकी फांदी सरपणाला तोडण्याची घाई करूं नये, तींत तांबट भोंक पाडून राहतो. कुंपणाची छाटणी फाल्गुनांत न करतां पावसाळा संपल्यावर करावी. पोरांच्या हातांतली गलोल काढून घ्यावी. धान्याच्या कोठारांत ब्रोमाडायोलोनसारखें विष घालावयाचें असेल तर मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. ते उघड्यावर टाकले तर त्यांचें विष पिंगळ्यास व घुबडास बाधतें, आणि उंदरांचा खरा वैरी आपणच मारल्यासारखें होतें. गिधाडांचा अनुभव ताजा आहे. जनावरांना टोंचावयाच्या डायक्लोफिनॅकनें तीं मरतात हें २००४ सालीं सिद्ध झालें, जनावरांसाठीं त्या औषधाची बंदी आपल्याकडे २००६ सालीं आली, आणि तोंपर्यंत गांवाबाहेरच्या हाडवणीवर एकही गिधाड उतरेनासें झालें होतें.

आमच्या खिंडींत लावलेली मेंदी आतां पुरुषभर उंच झाली आहे. यंदा बुलबुलाची पहिली पिलें उडून गेलीं आणि त्याच जोडप्यानें दुसरें घरटें अगदीं परसाच्या फाटकाला लागून केलें. फाटक उघडलें कीं मादी उठते, म्हणून तें तारेनें बांधून ठेवलें आहे. येणाराजाणारानें गोठ्याकडून यावें, असें सर्वांस सांगितलें. पोस्टमन कांहींसा कुरकुरला; पण आतां तोही तिकडूनच येतो आणि "किती झालीं?" म्हणून विचारून जातो.